डेस्कटॉप आपोआप बदलतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

सकाळी पीसी चालू करावा, तर काल लावलेला रंकाळ्याचा फोटो गायब आणि त्या जागी कंपनीचा लोगो. बदलायला जावं तर पर्याय फिकट, वर ओळ: काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहेत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या ऑफिसांतून असे फोन आम्हा पीसी-सर्व्हर सांभाळणाऱ्यांना नेहमी येतात. बरेच जण व्हायरस समजून घाबरतात.

तुमच्या ऑफिसात सर्व्हर असेल, तर बहुतेक वेळा हे काम ग्रुप पॉलिसीचं असतं. विंडोज 2000 पासून ही सोय आहे. मालक किंवा मॅनेजरांनी ठरवलेले नियम सर्व्हरवर एकदा लिहायचे, ते सगळ्या पीसींवर लागू होतात. आधी त्या पीसीचे स्वतःचे नियम, मग शाखेचे, मग पूर्ण कंपनीचे, शेवटी विभागाचे. टक्कर झाली तर सहसा शेवटचा नियम जिंकतो. म्हणून डिस्पॅचमध्ये चालतं ते अकाउंट्समध्ये चालेलच असं नाही. नवा नियम साधारण 90 ते 120 मिनिटांत पोचतो, पण वॉलपेपरसारखे बदल बहुधा लॉगऑफ करून परत आल्यावरच दिसतात.

फॉरमॅट मारू नका. पीसी परत सर्व्हरला जोडला की तोच नियम परत येणार. वेळ आणि पैसे मात्र गेले. यूट्यूब बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालणं तर त्याहून वाईट, कारण मग खरं कारण शोधणं आम्हालाही जड जातं.

आधी नियम कुठून आला ते बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची काळी खिडकी) जीपीरिझल्ट टाइप करा, स्पेस द्या, तिरकी रेघ आणि आर: gpresult /r. कोणते नियम लागू झाले, कोणते गाळले गेले, त्याची यादी येते. तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर निम्मं काम झालं.

कधी उलटं होतं: नियम पोचतच नाही किंवा स्क्रीन नुसती काळी राहते. लोगोची फाइल सर्व्हरवर असते, तिथवर पीसी पोचला नाही की असं होतं. अशा वेळी पहिल्यांदा घड्याळ बघा, खरंच. वेळेत 5 मिनिटांहून जास्त फरक पडला तर सर्व्हर पीसीची ओळख नाकारू शकतो. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असतो, लाईट गेली की तारीख मागे जाते. हा सेल स्वस्तात मिळतो. दुसरं कारण डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सोय. नवा राउटर बसवताना कोणीतरी सर्व्हरचा पत्ता काढून बाहेरचा डीएनएस टाकतं. इंटरनेट मस्त चालतं, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. दोन्ही ठीक असेल तर रीस्टार्ट करा. शटडाऊन करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीत पीसी लवकर चालू व्हावा म्हणून विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे काही नियम तेव्हा वाचलेच जात नाहीत.

एक चूक आमच्याकडूनही झाली आहे. एका फाउंड्रीत आम्ही नियम काढला, तरी जुन्या ड्राइव्हचे शॉर्टकट डेस्कटॉपवर तसेच राहिले. प्रेफरन्स प्रकारच्या (शॉर्टकट, ड्राइव्ह अशा) सेटिंग्ज नियम काढल्यावर सहसा आपोआप जात नाहीत, त्या वेगळ्या पुसाव्या लागतात. तिथल्या कर्मचाऱ्यांना चार दिवस नाहक त्रास झाला. आता नियम काढल्यावर आम्ही प्रत्येक पीसी उघडून बघतो.

स्क्रीन लवकर लॉक होते, ही तक्रार पतसंस्थांतून येते. काउंटरवर ठेवीदारांची खाती उघडी राहू नयेत म्हणून तो नियम असतो. तो काढा असं आम्ही कधीच सांगणार नाही. वेळ थोडी वाढवायची असेल तर मॅनेजरसाहेबांची लेखी परवानगी घेऊन कळवा, सर्व्हरवरून बदलून देऊ.