मुलाला अँटिबायोटिक सिरप देताना : पाण्याच्या रेघेपासून शेवटच्या डोसपर्यंत

मुलांच्या अँटिबायोटिकची बाटली बहुतेक वेळा कोरडीच मिळते. तळाशी पावडर आणि बाटलीवर किंवा लेबलवर एक रेघ, नाहीतर बाण. अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम यांच्या बाटल्या साधारण अशाच येतात, कारण पाण्यात कालवल्यावर ही औषधं थोडेच दिवस टिकतात. म्हणजे औषध बनवण्याचं शेवटचं काम घरी होतं, आणि चुकाही तिथेच होतात.

पाणी घालणं

झाकण उघडण्याआधी बाटली उलटी करून तळहातावर चार-पाच वेळा आपटा. पावडर तळाला चिकटून बसलेली असते. ती सुटी न करता पाणी ओतलं तर खाली गुठळी राहते आणि औषधाचा काही भाग त्या गुठळीतच अडकतो.

पाणी उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. गरम पाण्यानं औषध खराब होऊ शकतं, त्यामुळे घाई असली तरी थांबा. खोक्यात पाण्याची कुपी दिली असेल तर तेच पाणी लेबलवर सांगितल्याप्रमाणे घाला.

आधी रेघेच्या बरंच खाली राहील इतकंच पाणी ओता, झाकण घट्ट लावा आणि जोरात हलवा. फेस येईल. बाटली ठेवून द्या, पाच मिनिटांत फेस बसतो आणि पातळी रेघेच्या खाली गेलेली दिसते. आता थोडं थोडं पाणी घालत नेमकं रेघेपर्यंत आणा आणि पुन्हा हलवा. बाटली सपाट जागेवर ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून बघा. हातात तिरकी धरून बघितलेली रेघ फसवते.

फेसाचा वरचा काठ रेघेला लागला की भरली, असं समजलात तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक डोस ठरल्यापेक्षा जड होतो. उलटी चूकही होते. लेबलवर ३० मिली लिहिलंय म्हणून ३० मिली पाणी मोजून ओतलं जातं. ते ३० मिली म्हणजे पावडर आणि पाणी मिळून तयार झालेलं औषध. पाणीच ३० मिली घातलं तर औषध पातळ होतं. लेबलवर किती मिली पाणी घालायचं ते वेगळं दिलं असेल, तर अर्थातच तो आकडा पाळा.

कालवल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट साधारणपणे फ्रिजमध्ये ठेवून ७ दिवसांत संपवायचं असतं. बाकीच्या औषधांची मुदत वेगवेगळी असते, ती लेबलवर बघा. सगळंच फ्रिजमध्ये जात नाही. क्लॅरिथ्रोमायसिन गारठ्यात घट्ट आणि आणखी कडू होतं, ते बाहेरच ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात कुठलंच नको. दोन बाटल्या दिल्या असतील तर दुसरी पहिली संपल्यावरच कालवा. ४ मिली दिवसातून दोनदा, ७ दिवस, म्हणजे ५६ मिली. ३० मिलीच्या दोन बाटल्या लागतात आणि पहिली चौथ्या दिवशी संपते.

मिली आणि मिलिग्रॅम

डॉक्टर मुलाच्या वजनावरून मिलिग्रॅम ठरवतात, घरी आपण मिली मोजतो. मधला दुवा म्हणजे लेबलवरचा «५ मिलीमध्ये इतके मिलिग्रॅम» हा आकडा. २०० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर ५ मिलीत १२५ असलेल्या बाटलीतून ८ मिली लागतील, आणि ५ मिलीत २५० असलेल्या बाटलीतून फक्त ४. म्हणून बाटली बदलली, कंपनी बदलली, की जुना मिलीचा आकडा तसाच चालवू नका. क्लॅव्ह्युलॅनेट असलेल्या औषधावर कधी दोन आकडे असतात, कधी त्यांची बेरीज: २०० अधिक २८.५, किंवा नुसतेच २२८.५. औषध तेच असतं. शंका आली तर चिठ्ठी आणि बाटली दोन्ही समोर ठेवून विचारा, नुसतं फोनवर नको. तान्ह्या बाळांचे थेंब तर सिरपपेक्षा दाट असू शकतात. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावू नका.

घरातला चमचा मापाला नको. कुठला ३ मिलीचा निघतो, कुठला ७ चा. बिनसुईची तोंडाची सिरिंज सगळ्यात बरी. तिच्या टोकावरची छोटी टोपी आधी काढून दूर ठेवा, ती मुलाच्या घशात जाऊ शकते. दर वेळी औषध ओढण्याआधी बाटली नीट हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पाणचट आणि शेवटचे जड जातात. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा आला तर टोक वर करून टिचकी मारा, हवा बाहेर ढकला आणि मग माप बघा. दट्ट्याच्या रबराचा टोकाकडचा काठ आकड्याशी जुळला पाहिजे.

तोंडात घालताना

मूल मांडीवर, डोकं वर. आडवं झोपवून किंवा नाक दाबून देऊ नका, ठसका लागून औषध श्वासनळीत जाऊ शकतं. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि अर्धा-एक मिली सोडून गिळायला वेळ द्या. थेट घशावर पिचकारी मारली की उलटी ठरलेली. कडू लागत असेल तर आधी गार पाण्याचा घोट, नंतर काहीतरी गोड. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र देऊ नका. दुधाच्या भरल्या बाटलीतही औषध मिसळू नका. बाळानं निम्मं दूध सोडलं तर औषध किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. क्लॅव्ह्युलॅनेटवालं औषध जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटाला कमी त्रास होतो.

दिवसातून तीनदा म्हणजे साधारण दर ८ तासांनी, दोनदा म्हणजे दर १२ तासांनी. तास-दीड तास मागेपुढे झालं तर बिघडत नाही. डोस चुकला तर आठवताच द्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन डोस एकत्र कधीच नकोत. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तोच डोस पुन्हा एकदा देतात. त्यानंतर उलटी झाली तर पुन्हा देऊ नका. पुन्हा दिलेलाही पडला किंवा दर डोसला उलटी होऊ लागली तर डॉक्टरांना कळवा.

काय चालेल, काय नाही

पातळ शी बऱ्याच मुलांना होते. पाणी आणि ओआरएस चालू ठेवा, औषध आपल्या मनानं बंद करू नका. शीमध्ये रक्त दिसलं, मूल सुस्त झालं, किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दाखवा. अंगावर पुरळ आलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. ओठ, चेहरा किंवा जीभ सुजली, घरघर लागली, श्वास घेता येईना, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट तातडीच्या विभागात न्या आणि बाटली सोबत घ्या.

४८ तासांत काहीच फरक नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्याआधीही तब्येत बिघडत असेल तर थांबू नका. कदाचित जंतूला हे औषध लागू पडत नसेल, कदाचित आजार विषाणूचा असेल, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली बाजूला ठेवू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. उरलेलं औषध पुढच्या सर्दीसाठी किंवा धाकट्या भावंडासाठी राखून ठेवू नका. कालवलेलं औषध तोवर निकामी झालेलं असतं आणि त्या मुलाचं वजनही वेगळं असतं. उरलेली बाटली मोरीत न ओतता आमच्या औषधाच्या दुकानात आणून द्या, किंवा विल्हेवाट कशी लावायची ते विचारा.