वेदोक्त कोणाला? सीमाभागातल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

हिंदू धर्मग्रंथांत जात आहे की नाही, हा प्रश्न बेळगाव-निपाणीकडे पंडितांच्या सभेपेक्षा पूजेच्या पाटावर जास्त रंगला. मंत्र वेदातले म्हणायचे की पुराणातले, एवढ्या एका गोष्टीवरून या पट्ट्यात उपाध्यायांची वतने गेली, मठाच्या उत्पन्नावर टाच आली आणि वेगळा जगद्गुरू उभा राहिला. या सगळ्या इतिहासाकडे पाहून माझे मत असे झाले आहे की इथली जात चालली ती जमिनीवर, वतनावर आणि सोयरिकीवर. ग्रंथ बाहेर काढला गेला तो मानपानाचा किंवा मिळकतीचा तंटा उभा राहिल्यावर. म्हणून ग्रंथ निर्दोष ठरतात असे मात्र नाही. तंट्यात दाखवायला त्यांत पुरेसा ऐवज होता.

तो ऐवज कोणता, ते आधी पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नव्वदावे सूक्त म्हणजे पुरुषसूक्त. विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून राजन्य, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र, हे त्याच्या बाराव्या ऋचेत आहे. अख्ख्या ऋग्वेदात चारही वर्ण एकत्र येतात ते इथेच, आणि बहुतेक अभ्यासक हे सूक्त उशिराचे मानतात. त्यात जातींची नावे नाहीत, विटाळ नाही, रोटीबेटीचे नियम नाहीत. पण षोडशोपचार पूजा याच सूक्ताच्या सोळा ऋचांनी होते, त्यामुळे ज्यांनी वेद कधी उघडला नाही त्यांच्या कानांवरूनही ते जाते.

छांदोग्य उपनिषद पुढची पायरी चढते. चांगले आचरण असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनी आणि वाईट असेल तर कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची, असे त्याच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे. जन्म हा मागच्या कर्माचा निकाल ठरला की तक्रार कुणाकडे करायची? त्याच उपनिषदात सत्यकाम जाबालाची गोष्टही आहे. बापाचे गोत्र ठाऊक नाही असे खरे सांगणाऱ्या या मुलाला गुरू जवळ करतो. सुधारक ही गोष्ट आवर्जून सांगतात. पण नियम करणाऱ्यांनी पहिल्या उताऱ्याला जवळ केले. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतण्याची शिक्षा आहे. ती प्रत्यक्षात किती वेळा दिली गेली हा मुद्दा वेगळा. ऐकण्यावरच पहारा बसवावासा वाटला, हे मला जास्त बोलके वाटते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात जातींचा हिशेब मांडला आहे. अमक्या वर्णाचा बाप आणि तमक्या वर्णाची आई यांच्या पोटी तमकी जात. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांची संतती म्हणजे चांडाळ. हे वाचताना स्पष्ट दिसते की जाती आधीपासून गावात होत्या आणि ग्रंथकार त्यांना चार खणांत बसवायची खटपट करत होता. गीतेतल्या ‘गुणकर्मविभागशः’ या शब्दांवर आजही भरवसा ठेवला जातो, पण पहिल्याच अध्यायात अर्जुनाला वर्णसंकराची धास्ती वाटते आणि अठराव्यात वर्णांची कर्मे स्वभावातून उपजलेली सांगितली आहेत. ज्ञानेश्वरांनी यावर वेगळाच तोडगा काढला. वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. ही उणीव भरून काढायला वेद गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकटला, असे ते अठराव्या अध्यायात सांगतात. वेदाला थेट नाकारायचे नाही, पण त्याची कंजुषी चारचौघांत बोलून दाखवायची, ही वारकऱ्यांची तऱ्हा तिथूनच दिसते.

कन्नड मुलुखात हे भांडण जास्त उघडपणे झाले. कल्याण, म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. सहावा विक्रमादित्य राज्य करत असताना विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका इथेच लिहिली. पुढे अर्ध्या शतकाच्या आसपास त्याच नगरात राजा बिज्जळाच्या दरबारी असलेल्या बसवण्णांनी शरणांना, म्हणजे आपल्या शिवभक्त अनुयायांना, एकत्र केले. त्यांचे एक वचन प्रसिद्ध आहे. लोखंड तापवणारा लोहार झाला, कपडे आपटणारा परीट झाला, ताणा लावणारा कोष्टी झाला, वेद वाचणारा ब्राह्मण झाला; जगात कुणी कानातून जन्मले आहे का? मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांना दिलेले हे उत्तर कन्नड लोक आजही सहज म्हणून दाखवतात.

शब्दांपर्यंत होते तोवर चालले. चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचे लग्न झाले तेव्हा कल्याण पेटले. शरण पांगले आणि चन्नबसवण्णांबरोबरचा एक जथा उळवीच्या जंगलाकडे निघाला. ती वाट आजच्या बेळगाव जिल्ह्यातून जाते. खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला ढोर कक्कय्यांचे स्थान आहे, एम. के. हुबळीला मलप्रभेच्या पात्रात बसवण्णांच्या पत्नी गंगांबिकांची समाधी आहे. कक्कय्या कातडे कमावणारे. महाराष्ट्रातला ढोर समाजही त्यांना आपले संत मानतो, त्यामुळे कक्केरीचे नाव मराठी घरांतही घेतले जाते.

पुढे बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायतांतही जंगम, बणजिगा, पंचमसाली असे थर पक्के झाले. वेद आणि आगम (शैवांचे संस्कृत ग्रंथ) मानणारे वीरशैव, आणि शरणांची वचने हाच ग्रंथ मानणारे लिंगायत, ही ओढाताण अजून मिटलेली नाही. २०१८ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने स्वतंत्र धर्माची शिफारस केली तेव्हा ती पुन्हा उफाळली.

आता मराठी बाजू. आपल्याकडे वादाचे मूळ पुराणात सापडते. परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली आणि पुढे महापद्म नंदाने उरलेसुरले क्षत्रिय संपवले, म्हणून कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र असे दोनच वर्ण उरले, असा युक्तिवाद धर्मशास्त्री करत. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तो आडवा आला. १६७४ साली काशीच्या गागाभट्टांनी महाराजांना क्षत्रिय ठरवून वेदोक्त अभिषेक केला. गागाभट्टांचे चुलते कमलाकरभट्ट यांचा ‘शूद्रकमलाकर’ हा शूद्रांच्या धर्मावरचा ग्रंथ तेव्हा पंडितांत मान्यता पावलेला होता. एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत शास्त्र असे इकडचे तिकडे झुकते, आणि कुणाच्या पदरी पंडित आहे याला महत्त्व येते.

याच परशुरामाची आई रेणुका सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा म्हणून बसली आहे. तिथे पुराणाला लोकांनी आपली जोड दिली आहे. बापाच्या सांगण्यावरून परशुरामाने आईचे डोके उडवले आणि परत जोडताना ते मातंगीच्या धडाला लागले, अशी कथा दक्षिणेत ठिकठिकाणी सांगतात. मातंगी अस्पृश्य. क्षत्रिय संपवणाऱ्याची आई अर्धी अस्पृश्य, हे कोणत्या धर्मशास्त्र्याला रुचले असते? पण या कथेने मान मिळाला तो देवीला, मुली सोडल्या गेल्या त्या बहुतांशी दलितांच्या घरातल्या. देवदासी म्हणून मुली वाहण्यावर कर्नाटकाने १९८२ साली कायद्याने बंदी आणली.

वेदोक्ताचा वाद पुन्हा पेटला तो कोल्हापुरात. १८९९ च्या सुमारास, कार्तिक महिन्यात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी उपाध्याय पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले. छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाही, हे उत्तर मिळाल्यावर प्रकरण चिघळले. टिळकांनी केसरीतून महाराजांच्या विरोधात भूमिका घेतली. १९०२ मध्ये राजोपाध्यांची वतने जप्त झाली.

यात बेळगाव जिल्ह्याचा संबंध थेट आहे. करवीरच्या शंकराचार्यांचे पीठ ते संकेश्वरचेच, आणि संकेश्वर हुक्केरी तालुक्यात. मठाचे गाव इंग्रजी अमलात आणि उत्पन्नाचा भाग कोल्हापूर संस्थानात, त्यामुळे धर्मपीठालाही सीमा आडवी येत होती. महाराजांची परवानगी न घेता शिष्य नेमला म्हणून मठाच्या संस्थानातल्या उत्पन्नावरही टाच आली. त्याच शिष्याने, म्हणजे ब्रह्मनाळकर स्वामींनी, १९०५ मध्ये महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. मधल्या काळात शास्त्राचे एक अक्षर बदलले नव्हते. महाराजांचे मात्र तेवढ्याने समाधान झाले नाही. १९२० साली त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. बेनाडी निपाणीजवळचेच गाव.

शूद्र की क्षत्रिय, हा प्रश्न नुसत्या अभिमानाचा नव्हता. इंग्रजी न्यायालये हिंदूंचे वारसाहक्क शास्त्रानुसार ठरवत आणि मुंबई इलाख्यात, म्हणजे बेळगावातही, मुख्य आधार मिताक्षरेचा होता. तीनुसार शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत वाटा मिळे, द्विजाच्या, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या माणसाच्या, दासीपुत्राला पोटगीच. म्हणजे एखादा पाटील कोर्टात क्षत्रिय ठरला की त्याच्या रखेलीच्या मुलाची जमीन गेली. १९२८ साली मुंबई उच्च न्यायालयाने पाच कुळी आणि शहाण्णव कुळी मराठ्यांना क्षत्रिय ठरवले. कल्याणात आठशे वर्षांपूर्वी लिहिलेली टीका अशी सातबाऱ्यापर्यंत पोहोचली होती. मिताक्षरा हा शब्द तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीतही आहे, मुलींना समान वाटा देणाऱ्या कलमात.

ज्यांना कोणताच अधिकार नव्हता त्यांच्यासाठी वेदोक्त की पुराणोक्त हा वाद दूरचाच. महारांच्या पायात १८७४ च्या वतन कायद्याची बेडी होती. टपाल नेणे, सरकारी माणसांची सरबराई, मेलेली गुरे ओढणे, आणि बदल्यात तुकडाभर जमीन व बलुते. स्मृतीत सांगितलेली सेवा सरकारी दप्तरात अशी नोंदली गेली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठी. सीमाभागातली ही वतने अखेर कर्नाटकाच्या १९६१ च्या गावकामगार पदे रद्द करणाऱ्या कायद्याने गेली.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेस भरली. गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात एकदाच. अस्पृश्यता हा स्वराज्याच्या वाटेतला अडसर आहे, हे त्यांनी भाषणात सांगितले. तेव्हा ते वर्णाश्रम मानत, पण अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही असे म्हणत. या अधिवेशनात सभासदत्वासाठी अट घातली गेली ती महिन्याला दोन हजार वार सूत देण्याची. चार महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली आणि बाबासाहेब अध्यक्ष होते. गांधीजींच्या सहानुभूतीची कदर त्यांनी केली, पण खादीवर जेवढा भर आहे तेवढा अस्पृश्यता निवारणावर का नाही, आणि ते काँग्रेसच्या सभासदत्वाची अट का होत नाही, हेही विचारले. महाडला मनुस्मृती जळली ती त्यानंतर पावणेतीन वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ ला. निपाणीला त्या परिषदेची आठवण अजून जपली जाते. बेळगावच्या अधिवेशनाचा गाजावाजा अर्थातच जास्त.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या भागात जातीचा निवाडा राज्याच्या यादीत होऊ लागला. कर्नाटकात मराठा मागासवर्गीयांच्या ३-ब प्रवर्गात आहे. बेरड महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि इकडे बेडर, नायक या नावांनी अनुसूचित जमातीत. महार दोन्हीकडे अनुसूचित जातीतच, तरी अडचण आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवल्याप्रमाणे एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्याला मूळ राज्याचा आरक्षणाचा हक्क नव्या राज्यात मिळत नाही. गडहिंग्लज ते संकेश्वर अंतर एसटीने अर्ध्या तासाच्या आतबाहेरचे आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. पण गडहिंग्लजची मुलगी संकेश्वरला सून म्हणून आली की तिचा महाराष्ट्राचा दाखला कर्नाटकातल्या नोकरीच्या अर्जाला चालत नाही.