वयाच्या नावावर खपलेले डाग

"बाथरूममध्ये पाय घसरला." म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरच्या काळ्यानिळ्या डागाला आपल्याकडे हे एक उत्तर तयारच असतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं, आणि अडचण तिथेच आहे. म्हातारपणी माणूस खरोखर पडतो. कातडी खरोखर कागदासारखी होते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बीपीचा पट्टा आवळला तरी दंडावर जांभळं उमटतं. दवाखान्यात डॉक्टर आजींना काही विचारतात आणि आजींच्या आधी सोबतचा माणूस उत्तर देतो, "वय झालंय हो आता." डॉक्टर मान डोलावतात, आणि घरात कोणी मारलं असेल तर तेही वयाच्या खात्यात जमा होतं. वय हे असं कारण आहे की त्याची उलटतपासणी कोणी करत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत ही उलटतपासणी फार आधी सुरू झाली. १९४६ मध्ये जॉन कॅफी या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञाने लिहिलं, की काही तान्ह्या मुलांमध्ये कवटीतला रक्तस्राव आणि हातापायांची मोडलेली हाडं एकत्र सापडतात. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला उघड नाव दिलं आणि मारहाण हा शब्द त्या नावातच घातला. रांगताही न येणाऱ्या बाळाचं हाड आपोआप मोडत नाही, हे कोणालाही पटतं. आजीचं मात्र मोडतं. म्हणून आजीची पाळी उशिरा आली. १९७५ मध्ये बर्स्टन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांचं एक छोटं पत्र 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. घरच्या माणसांनी आजीला मारणं हा त्याचा विषय होता. चर्चा सुरू झाली खरी, पण नुसत्या पडण्याने होणारा डाग दिसतो तरी कसा, ही साधी गोष्ट पद्धतशीर तपासायला आणखी तीस वर्षं गेली.

ते काम कॅलिफोर्नियात लॉरा मोस्केडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. पद्धत इतकी साधी की हे आधी कोणाला कसं सुचलं नाही, असं वाटावं. छळाचा काही संशय नसलेली १०१ वृद्ध माणसं निवडली, रोज त्यांच्या घरी जाऊन त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि नवा डाग दिसला की तो जाईपर्यंत रोज त्याची नोंद ठेवली. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. आपोआप किंवा अपघाताने उठलेले जवळजवळ ९० टक्के डाग हातापायांवर होते. मानेवर एकही नाही. कानावर नाही, ढुंगणावर नाही, तळपायावर नाही.

विचार केला तर हे सरळ आहे. माणूस पडतो तेव्हा पुढे आलेले भाग आपटतात: गुडघा, नडगी, कोपर, तळहात. कान आणि मान खांद्याच्या आडोशाला असतात. तिथे मार लागायला सहसा कोणीतरी तो द्यावा लागतो.

दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो पोलीस ठाण्यापासून घरच्या ओसरीपर्यंत सगळीकडे पसरलेली एक समजूत मोडतो. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे ते ओळखता येतं, असं आपण धरून चालतो. रसायनशास्त्र त्या समजुतीच्या बाजूचं दिसतं: कातडीखाली सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुटून आधी हिरवट बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन, आणि शेवटी लोहाचा तपकिरी अंश उरतो. पण म्हातारं शरीर हे वेळापत्रक पाळत नाही. या अभ्यासात काही डाग पहिल्याच दिवशी पिवळे होते. तेव्हा "डाग पिवळा आहे म्हणजे आठवड्यापूर्वीचा, आणि आठवड्यापूर्वी तर मी गावाला होतो" या बचावाला काही अर्थ नाही. उलट "डाग पिवळा आहे म्हणजे जुना, म्हणजे तूच" या आरोपालाही नाही.

हाताच्या बाहेरच्या बाजूला उठणारे जांभळे चट्टे तर वेगळंच प्रकरण आहे. जन्मभर ऊन खाल्लेल्या कातडीतला आधार झिजतो, बारीक रक्तवाहिन्या जरा घासलं तरी फुटतात. हे चट्टे नेहमीच्या मुक्या मारासारखे हिरवे-पिवळे होतच नाहीत, जांभळ्यावरून थेट तपकिरी होतात. ते पाहून कोणाच्या मुलावर संशय घेणं हा अन्याय होईल. विज्ञानाचा उपयोग दोन्हीकडे आहे.

२००९ मध्ये याच गटाने दुसरी बाजू पाहिली. मारहाण झाल्याचं सिद्ध झालेली ६७ वृद्ध माणसं तपासली. त्यांचे डाग मोठे होते. पाच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा डाग निम्म्याहून अधिक जणांच्या अंगावर होता. ते होते चेहऱ्यावर, पाठीवर आणि उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला. उजव्याच का? मार चुकवायला बहुतेक माणसं उजवा हात आडवा धरतात, असा अंदाज करता येतो.

आणि मग ती गोष्ट, जिच्यापुढे बाकीची मोजमापं फिकी पडतात. साध्या कारणाने डाग उठलेल्यांपैकी बहुतेकांना तो कशाने उठला हे सांगता येत नव्हतं. कपाटाला लागलं असेल, कोण जाणे. मारहाण झालेल्यांपैकी मात्र दहातल्या नऊ जणांना ठाऊक होतं. त्यात विसरभोळेपणा असलेले होते, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेलेही होते. "त्यांना काय आठवतंय" म्हणून ज्यांना आपण विचारतच नाही, ती माणसं सांगू शकत होती.

हे किती घरांत चालतं? साठीपुढच्या दर सहा जणांमागे एकाला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागतो, असा जागतिक अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. त्यामागे २८ देशांतले ५२ अभ्यास होते. छळ म्हणजे केवळ मारहाण नाही. टोमणे, पैसे काढून घेणं, औषध न देणं हे सगळं त्यात येतं. आपल्याकडच्या 'लासी' या मोठ्या सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत मात्र साठीपुढच्या सुमारे पाच टक्के लोकांनीच वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. भारतीय मुलं जगापेक्षा तिपटीने गुणी आहेत, असा अर्थ ज्याला काढायचा त्याने काढावा. मला वाटतं, आपल्याकडे घरातली गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगणं हीच मुलाची बदनामी ठरते, आणि आई तो सौदा सहसा करत नाही.

करणारं कोण, याचंही उत्तर आपल्या कल्पनेशी जुळत नाही. आपल्या डोळ्यांपुढे दमलेली सून येते. कार्ल पिलेमर आणि डेव्हिड फिंकेलहॉर यांनी बोस्टनमध्ये २,०२० वृद्धांना विचारलं (१९८८), तेव्हा मुलांपेक्षा नवरा-बायकोच अधिक निघाले. पिलेमर यांना आणखी एक उलटं चित्र दिसलं: अनेकदा म्हातारा माणूस छळणाऱ्यावर अवलंबून नसतो, छळणारा म्हाताऱ्यावर अवलंबून असतो. घर आईच्या नावावर, पेन्शन वडिलांची, आणि चाळिशीचा मुलगा दोन्हींवर जगतोय. अशी घरं शोधायला बोस्टनला जावं लागत नाही.

दमणूक खोटी आहे असंही नाही. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांची घरी देखभाल करणाऱ्या २२० नातेवाइकांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपण ओरडतो, धमकावतो अशा स्वरूपाची कबुली दिली. हात उचलल्याचं फक्त तिघांनी सांगितलं. या माणसांना शिक्षेपेक्षा आठवड्यातले चार तास सुट्टी मिळाली तर अधिक उपयोग होईल. पेन्शन खाणाऱ्या मुलाला सुट्टी देऊन काय होणार? एकाच शब्दाखाली दोन वेगळे रोग आहेत.

अंगावर डाग नसला म्हणून नुकसान कमी असतं, असंही नाही. अमेरिकेत न्यू हेवनच्या २,८१२ वृद्धांचा मागोवा १९८२ पासून तेरा वर्षं घेतला गेला. ज्यांचा छळ सरकारी यंत्रणेच्या नोंदीत आला होता, त्यांच्यापैकी शेवटी हयात होते ९ टक्के. ज्यांची अशी कोणतीही नोंद नव्हती, त्यांच्यापैकी ४० टक्के. आजार, परावलंबन, स्मृती, नैराश्य या सगळ्यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही मरणाची जोखीम तिप्पटच राहिली.

पैशाच्या छळात तर वय खरोखर साथीदार होतं. २०१२ च्या एका प्रयोगात तरुणांना आणि वृद्धांना काही चेहरे दाखवले. लबाड वाटणारा चेहरा पाहून तरुणांच्या मेंदूतला इन्शुला नावाचा भाग, पोटात कसंतरी होण्याची जाणीव ज्याच्याशी जोडलेली आहे तो, चेतवला गेला. वृद्धांमध्ये ही चेतना मंद होती. म्हणजे घंटाच हळू वाजते. पुढे २०१९ मध्ये ९३५ जणांच्या अभ्यासात दिसलं, की फसवणुकीबद्दल कमी सावध असलेल्यांना नंतर डिमेन्शिया होण्याची शक्यता अधिक होती. २०२० च्या दुसऱ्या एका अभ्यासात निदानाच्या सहा वर्षं आधीपासून बिलं भरायची राहून जात होती. 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून अटकेची भीती घालणाऱ्या, फोनवर निवृत्त माणसाने आयुष्याची पुंजी घालवली की आपण म्हणतो, "एवढे शिकलेले असून?" शिक्षणाचा इथे फारसा संबंध नसतो. तो धक्का मेंदूचा डॉक्टर गाठायचं निमित्तही असू शकतो. पैशासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांक आहेच, आणि जितक्या लवकर फोन तितकं बरं.

फोनवरच्या भामट्याहून घरातलं बक्षीसपत्र जास्त धोक्याचं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाच्या किंवा नातवंडाच्या नावे करायला मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. सही सोपी झाली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, देखभाल करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत फिरवू शकतं. प्रश्न अटीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात अशी अट असल्याचं दाखवावं लागेल असं म्हटलं, तर जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा असं. हा वाद आपल्या घरी नको असेल तर "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" एवढी ओळ बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. मुलगा चांगला असेल तर त्याचं काही बिघडत नाही.

छळ मुळात होऊच नये यासाठी काय चालतं, याबद्दल विज्ञानाची झोळी अजून हलकी आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेले सगळे अभ्यास एकत्र चाळून पाहणाऱ्या अहवालात, निकषांत बसणारे अभ्यास मिळाले सात, आणि त्यांतून ठाम काही हाती लागलं नाही. ओळखण्याची साधनं मात्र आहेत. मॉन्ट्रियलच्या मार्क याफे यांनी २००८ मध्ये सहा प्रश्नांची एक चाचणी दिली. तिला दोन मिनिटं पुरतात. पाच प्रश्न पेशंटला विचारायचे: कोणी जेवण, औषध, चष्मा यापासून अडवलं का, कोणी लाज वाटेल असं बोललं का, मनाविरुद्ध सही घेतली का, अशा धाटणीचे. सहावा प्रश्न विचारायचा नसतोच, त्याचं उत्तर डॉक्टरांनी पाहून लिहायचं: नजर चुकवणं, अंग आक्रसणं, कपड्यांची दशा, डाग.

आणि हे सगळं करण्याआधी सोबत आलेल्या माणसाला सांगायचं, "तुम्ही जरा बाहेर बसता का? मी आजींशी दोन मिनिटं बोलते."