चोर्ल्याचा पाऊस आणि टायरचं रबर

जुलैतली गोष्ट. गोव्याहून चोर्ला घाटाने परतताना जांबोटीच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावीकडचं पुढचं चाक आदळलं. बायकोच्या मांडीवरच्या पिशवीतले काजू गाडीभर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा.

"अण्णा, महिनाभर चालेल का हो?" बेळगावातल्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्याला विचारलं.

"चालंल की. फुटेपर्यंत."

रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत पॉलिस्टरचे दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेले असतात. हवेचा दाब पेलतात ते हे दोरे; रबर फक्त हवा कोंडून धरतं. रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटून काही दोरे तुटले, की तिथलं रबर एकटं पडतं आणि फुगतं. बाकीच्या तीन टायरांवर बाजूला छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २३१९ होते, म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला माल. चारही बदलायचे ठरले आणि तिथेच उद्यमबागेत नोकरी करणारा भाचा मध्ये पडला. "मामा, आता साधे नकोत. परफॉर्मन्स टायर घालूया. सतरा इंची रिम, रुंद."

त्याचं निम्मं बरोबर होतं.

ओल्या रस्त्यावर पकड येते ती मुख्यतः रबराच्या आळशीपणामुळे. डांबरातली खडी चढताना रबर दबतं, पण उतरताना लगेच मूळ आकारावर येत नाही, जरा रेंगाळतं. त्यामुळे खडीच्या एका अंगावर त्याचा रेटा जास्त पडतो, दुसऱ्या अंगावर कमी, आणि हा फरकच घसरण्याला आडवा येतो. दाबताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही उष्णता होऊन जाते. थोडक्यात, जे रबर ऊर्जा वाया घालवतं तेच रस्ता धरतं.

मग पकड वाढवली की मायलेज पडणार, हे ओघानंच आलं. नुसतं चाक फिरतानाही रबर दबतं, सुटतं आणि पेट्रोल खातं. या कोंडीतून वाट निघाली ती वेगाच्या फरकामुळे. ताशी ८० ने जाताना आमच्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण साडेअकरा फेरे घेतं. रबराचा प्रत्येक तुकडा तेवढ्याच वेळा दबतो. ब्रेक मारला की तोच तुकडा खडीच्या बारीक टोकांवरून घासत जातो आणि सेकंदाला हजारो हिसके खातो. रबराला झटपट हिसके आणि थंडी सारखीच: दोन्हींत ते कडक होतं. म्हणून प्रयोगशाळेत इतके झटपट हिसके देत बसण्याऐवजी रबराचं तापमान बदलून बघतात. शून्य अंशाच्या आसपास भरपूर ऊर्जा गिळणारं रबर ओल्या रस्त्यावर चांगलं, ६० अंशाला कमी गिळणारं मायलेजला चांगलं. एकाच रबराकडून दोन्ही हवं.

ते जमवलं सिलिकाने. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे खास बनवलेल्या काजळीमुळे. तिच्यामुळे रबर टिकाऊ होतं. तिच्या जागी घालायच्या, वाळूच्या कुळातल्या सिलिकाचं रबराशी मुळात पटत नाही. मध्ये सिलेन नावाचं रसायन घालून त्यांची गाठ मारावी लागते. मिशेलिनने १९९२ साली असा टायर बाजारात आणला आणि मग सगळेच त्या वाटेने गेले. गंमत अशी की सिलिकातून वीज वाहत नाही. गाडीत साठणारी स्थिर वीज जमिनीत उतरावी म्हणून अशा टायरमध्ये काजळीवाल्या रबराची एक बारीक पट्टी मुद्दाम ठेवतात.

म्हणजे भाच्याचं निम्मं बरोबर ते असं: चांगल्या मिश्रणाच्या टायरला चार पैसे जास्त घालावेत. चूक होतं ते रुंदीचं आणि रिमचं. माणसांसकट १२०० किलोच्या गाडीत एका चाकावर सरासरी ३०० किलो येतात. हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकलेली जागा निघते साधारण १३० चौरस सेंटिमीटर. चारही चाकांची मिळून एका ए-फोर कागदाहूनही कमी. टायर रुंद केला तरी हा भागाकार फारसा बदलत नाही. ठसा फक्त आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा आहे, नाही असं नाही. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर कोरडं वळण शोधावं लागतं.

आता पाणी. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आणि वेग ८०, तर १८५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दर सेकंदाला एक बादली! रुंदी २०५ केली की पावणेचौदा लिटर. सारता आलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. विमानांच्या टायरांवर प्रयोग करून नासाच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात एक ढोबळ सूत्र मांडलं: तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून. त्या हिशेबाने खाचा झिजलेला टायर ३३ पीएसआयला ताशी ९६ च्या सुमाराला उचलला जातो, हवा २४ वर उतरली तर ८२ लाच. वंटमुरी घाटातून पावसात खाली उतरणाऱ्या गाड्यांचे वेग आठवा. खाच १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर कायद्याला चालतो, मला चालत नाही. मी तीनला बदलतो.

रिमचं म्हणाल, तर आमच्या १८५/६५ आर १५ टायरची (रुंदी १८५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) बाजूची भिंत १२० मिलिमीटरची. भाच्याच्या २०५/४५ आर १७ ची ९२. तो खड्डा त्या अठ्ठावीस मिलिमीटरना ओळखतो.

अण्णांशी माझं एकच भांडण झालं, तेही माझ्यासाठी नव्हे. शेजारच्या गिऱ्हाइकाला दोनच नवीन टायर हवे होते आणि अण्णा ते पुढे बसवायला निघाले होते. ओढणारी चाकं पुढची, म्हणून नवे पुढे, असं सगळेच करतात. पण पाण्यात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की परत ताब्यात येते. मागची सुटली तर ती गरकन फिरते. नवे मागे घालायचे. अण्णांनी ऐकलं, पण तोंड वाकडं करूनच.

आम्ही जुनंच माप घेतलं. भार पेलण्याचा आकडा कंपनीने दिलेल्याहून कमी नको, एवढं बघितलं. ट्रेडवेअरचा, म्हणजे रबर किती टिकेल याचा आकडा ३०० च्या घरातला निवडला. २०० चं मऊ रबर हौसेला ठीक, रोजच्या हत्तरगी फेऱ्यांना परवडत नाही. हा आकडा कंपनीच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भाव करू नयेत.

परवा रविवारी कणकुंबीला चहाला थांबलो. भाच्याने खाली वाकून चारही टायरांना हात लावून बघितला. पुढचे चांगलेच गरम, मागचे कोमट.

"वाया चाललंय की मामा," म्हणाला.