बोट ट्रेलरचे टायर आणि रिम

होडी मोटारीमागे जोडून रस्त्याने नेण्यासाठी आणि काठावरच्या उतारावरून सरळ पाण्यात सोडण्यासाठी वापरली जाणारी चाकांची गाडी म्हणजे बोट ट्रेलर. अमेरिकेत मिनेसोटाच्या तळ्यांपासून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापर्यंत घरच्या अंगणात होडी ठेवणारे लोक पुष्कळ आहेत. पुढे दिलेली मापे आणि खुणा तिकडच्याच आहेत.

मोटारीचा टायर झिजून जातो, ट्रेलरचा बहुधा वयाने जातो. होडी वर्षातले मोजके दिवस बाहेर पडते. उरलेला काळ ट्रेलर तोच भार घेऊन उन्हात एका जागी उभा असतो. नक्षी नवीकोरी दिसते, पण ऊन आणि ओझोनमुळे रबर वाळते, बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणून नक्षी शाबूत असली तरी साधारण पाच-सहा वर्षांनी टायर बदलावा असे सांगितले जाते. जन्मतारीख टायरवरच छापलेली असते. ‘डॉट’ (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण) ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. दुकानातला ‘नवा’ टायरही कधी कधी बराच काळ पडून असतो, तेव्हा पैसे मोजण्याआधी हा आकडा वाचलेला बरा.

ट्रेलरसाठीच्या टायरवर मापाआधी एसटी, म्हणजे ‘स्पेशल ट्रेलर’, ही अक्षरे असतात. उदाहरणार्थ, एसटी २०५/७५ आर १४ : रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ), रिम १४ इंची. ‘आर’च्या जागी ‘डी’ असेल तर धागे तिरके घातलेले असतात. असा टायर स्वस्त आणि दणकट असतो, पण लांबच्या प्रवासात रेडियलपेक्षा जास्त तापतो. एकाच एक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) दोन्ही प्रकार मिसळू नयेत. एसटी टायरची भिंत ताठ असल्याने वळणावर ट्रेलर कमी डोलतो. मोटारीचा टायर ट्रेलरला लावायचाच झाला, तर त्याची भारक्षमता १.१ ने भागून धरतात.

निवडीत खरे महत्त्व वजनाला आहे आणि गफलतही तिथेच होते. माहितीपत्रकात छापलेले होडीचे ‘कोरडे’ वजन फसवे असते. बाहेर बसवायचे इंजिन, इंधन, बॅटरी, नांगर यांचे वजन त्यात बहुधा धरलेले नसते. शंभर लिटर पेट्रोलच ७४ किलोच्या आसपास भरते. त्यामुळे सगळे सामान भरून ट्रेलर वजनकाट्यावर नेणे हाच भरवशाचा मार्ग. वर उदाहरणात दिलेल्या मापाचा, भारक्षमतेच्या ‘सी’ श्रेणीचा टायर ५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचे माप) हवेवर १,७६० पौंड, म्हणजे सुमारे ७९८ किलो पेलतो. एका एक्सलच्या दोन टायरांचे मिळून १,५९६ किलो झाले. भरलेला ट्रेलर १,४५० किलोचा असेल तर थोडी गुंजाइश उरते. ती कमी वाटली, तर त्याच मापात ६५ पीएसआयचा, भारक्षमतेच्या ‘डी’ श्रेणीचा टायर मिळतो. मात्र रिमवर कोरलेली भाराची आणि हवेची मर्यादाही तेवढी हवी, नाहीतर नुसता टायर बदलून उपयोग नाही.

हे आकडे पूर्ण हवा भरलेल्या थंड टायरचे असतात. हवा कमी झाली की क्षमता घटते, टायर तापतो आणि नक्षीचा पट्टा सुटून मडगार्ड, दिव्यांच्या वायरी ओरबाडून नेतो. जुन्या एसटी टायरांची वेगमर्यादा साधारणपणे ताशी ६५ मैल (१०५ किलोमीटर) धरली जाई. आता भिंतीवर वेगाचे अक्षर असते : ‘एल’ म्हणजे ७५ मैल, ‘एम’ म्हणजे ८१. ही टायरची मर्यादा झाली. ट्रेलर तेवढ्या वेगाने ओढावा असा तिचा अर्थ नाही.

मोठा टायर घेण्याचा मोह अनेकांना होतो. १७५/८० चा १३ इंची टायर काढून २०५/७५ चा १४ इंची बसवला, तर व्यास सुमारे ५३ मिलिमीटरने वाढतो. होडी २६ मिलिमीटर उचलली जाते आणि मडगार्डखालची मोकळी जागा तेवढीच कमी होते. शिवाय उथळ उतारावर होडी तरंगण्यासाठी ट्रेलर थोडा जास्त मागे, पाण्यात न्यावा लागतो.

रिम घेताना आधी बोल्टच्या वर्तुळाचे, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचे, माप पाहावे. लहान-मध्यम ट्रेलरना पाच बोल्ट आणि साडेचार इंचांचे वर्तुळ सर्रास आढळते. पाच भोकांत समोरासमोरची जोडी नसते, म्हणून एका भोकाच्या मध्यापासून, लगतचे सोडून पुढच्या भोकाच्या बाहेरील कडेपर्यंत मोजतात. पावणेपाच इंची वर्तुळाची रिमही असते. डोळ्याला फरक कळत नाही, पण ती बसत नाही. बोल्टला टेकणारी तबकडी ट्रेलरच्या बहुतेक रिममध्ये रुंदीच्या मध्यावर असते. आजच्या मोटारींची रिम बोल्ट जुळले तरी आत सरकून स्प्रिंगच्या पाट्यांना किंवा ब्रेकला घासू शकते.

गोड्या पाण्यात रंगवलेले पोलाद चालते. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिम घ्यावी. मात्र पोलादी बोल्टशी भिडलेले अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर चाके गोड्या पाण्याने धुणे आले. चाक निघालेच आहे तर बेअरिंगचे ग्रीसही पाहून घ्यावे. प्रवासात तापलेला हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधट दिसले, तर पाणी शिरलेले आहे.

अर्ध्या इंची बोल्टचे नट एक सोडून एक, चांदणीच्या क्रमाने ९० ते १२० फूट-पौंडांपर्यंत (पिळण्याच्या जोराचे माप) आवळतात आणि पहिल्या १०, २५ व ५० मैलांनंतर पुन्हा तपासतात, कारण नवी रिम बसताना नट सैल पडतात. स्टेपनी त्याच मापाची, त्याच श्रेणीची आणि झाकून ठेवलेली असावी. मोटारीची स्टेपनी ट्रेलरला सहसा बसत नाही.