वायफायचं चॅनेल ठरवतं कोण?

सोसायटीतल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यांच्या नेटवर्कची रांगच दिसते. त्यातल्या कुणी कुठल्या चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालायचं, हे ठरवणारं वर कुणीच नाही. या मोकळीकीचं मूळ 1985 सालच्या एका निर्णयात आहे.

त्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे रेडिओलहरींचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, फ्रिक्वेन्सीचे तीन पट्टे स्प्रेड स्पेक्ट्रम (संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवणाऱ्या) उपकरणांना विनापरवाना वापरू दिले. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्यात चालतात तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच. 1997 मध्ये 802.11 हे वायफायमागचं तांत्रिक मानक आलं, 1999 मध्ये त्याची 802.11बी ही आवृत्ती आली आणि वायफाय घरोघरी पोहोचू लागलं. भारतात हा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला.

परवाना नाही म्हणजे नियोजनकारही नाही. मोबाइल कंपनीचं सगळं जाळं तिच्याच ताब्यात असतं, त्यामुळे तिचे इंजिनियर नकाशा समोर ठेवून फ्रिक्वेन्सी वाटून देऊ शकतात. गणितात हा नकाशा रंगवण्याचा प्रश्न आहे: शेजाऱ्या-शेजाऱ्यांना एकच रंग येता कामा नये. वायफायकडे रंग, म्हणजे चॅनेल, हेही मोजकेच. पट्टा 83.5 मेगाहर्ट्झचा, चॅनेलचे क्रमांक दर 5 मेगाहर्ट्झवर, पण एकेक चॅनेल जवळपास 20 मेगाहर्ट्झ जागा खातं. म्हणून एकमेकांवर न चढणाऱ्या 1, 6, 11 या चॅनेलचं त्रिकूट रूढ झालं. त्यात बरेच राउटर कारखान्यातूनच 6 वर लावून येत, आणि सेटिंगला कुणी हात लावत नसे.

मग राउटरनेच स्वतः चॅनेल निवडावं, असा विचार पुढे आला. सर्वात कमी गर्दीचं चॅनेल शोधायचं आणि तिथे जायचं, ही झाली सरळ युक्ती. पण 6 वर अडलेल्या दोन राउटरना एकाच वेळी 11 मोकळं दिसलं तर दोघेही तिकडे धावतात, तिथे पुन्हा एकमेकांना अडवतात आणि पुन्हा परततात. दोघांची बुद्धी सारखी असणं हीच इथली अडचण.

आयर्लंडमधल्या मेनूथच्या हॅमिल्टन इन्स्टिट्यूटमध्ये डग लीथ आणि पीटर क्लिफर्ड यांनी 2006 मध्ये मांडलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासातला सर्वात देखणा टप्पा वाटतो. त्यात राउटर शेजाऱ्याशी एक शब्दही बोलत नाही. प्रत्येक चॅनेल निवडण्याची शक्यता तेवढी तो जवळ ठेवतो. समजा, तीन चॅनेलना प्रत्येकी जवळपास 33 टक्के दिले आणि चिठ्ठी 6 ची निघाली. तिथे त्रास झाला, तर 6 चा वाटा थोडा कापून बाकीच्या दोघांना द्यायचा: 30, 35, 35. आणि पुन्हा चिठ्ठी काढायची. चॅनेल चांगलं निघालं तर त्याची शक्यता थेट 100 टक्के करून तिथेच थांबायचं. चिठ्ठीमुळे दोघांची पावलं सारखी पडत नाहीत आणि तो धावाधावीचा फेरा तुटतो. सर्वांना सामावणारी वाटणी मुळात शक्य असेल, तर ही पद्धत तिच्यापर्यंत पोहोचतेच, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

हा 'असेल तर' मात्र महत्त्वाचा. एकमेकांच्या टप्प्यात चार राउटर आणि रंग तीनच असतील, तर कोणतीही युक्ती पुरी पडत नाही. शिवाय राउटरला जे ऐकू येतं तेच पलीकडच्या खोलीतल्या लॅपटॉपला येतं असं नाही. शेजारचं नेटवर्क लॅपटॉपला छळतं आणि राउटरला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून निवड करताना वापरणाऱ्या उपकरणांकडूनही माहिती घ्यावी, असा आग्रह त्याच सुमारास काही संशोधकांनी धरला.

पुढे जागा वाढली. भारताने 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमध्ये एकूण 605 मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. पण वेगाच्या हव्यासापायी राउटर आता 80 मेगाहर्ट्झची रुंद चॅनेल वापरतात, आणि तेवढ्या रुंदीने मोजलं तर या पट्ट्यातही पाच-सहाच रंग हाती लागतात.