टीईटी आणि टेट: हिंजवडीहून शाळेत जाणाऱ्यांचा नेहमीचा घोळ

अकरा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेला माझा एक मित्र मध्यंतरी पेढे घेऊन घरी आला. "टेट पास झालो. आता शाळेत रुजू व्हायचं तेवढं राहिलं." मी विचारलं, "कुठली टेट?" तो गोंधळला. एकाच नावाच्या दोन परीक्षा असतील, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. बिचाऱ्याचा दोष नाही. टीईटी हे नाव भराभर म्हटलं की टेट होतं आणि दुसरीला तर सगळे टेटच म्हणतात. वर्तमानपत्रांचे मथळेही कधी हिला तर कधी तिला टेट म्हणून मोकळे होतात.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही घेण्याची जबाबदारी पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडे, आणि घोळाचं अर्धं मूळ तिथेच आहे.

कंपनीतल्या माणसाला फरक पटकन कळावा म्हणून मी त्याच्याच भाषेत सांगितलं. टीईटी हे सर्टिफिकेशन आहे. ठरलेले गुण मिळवले की प्रमाणपत्र हातात. शेजारच्याला किती पडले, याच्याशी देणंघेणं नाही. टेट म्हणजे अप्रेझलचा बेल कर्व्ह. तिथे तुम्ही किती चांगले यापेक्षा तुमच्या पुढे किती जण आहेत, हे मोजलं जातं. टेटमध्ये पास-नापास हा प्रकारच नाही, त्यामुळे 'टेट पास झालो' हे वाक्यच मुळात चुकीचं. पेढे मात्र चांगले होते.

टीईटीचा जन्म शिक्षण हक्क कायद्यातून झाला. कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्यानंतर 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ही परीक्षा बंधनकारक केली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. पेपर दोन: पहिली ते पाचवीसाठी पहिला, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी 150 प्रश्न, 150 गुण, अडीच तास. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. बालमानसशास्त्र, दोन भाषा आणि शालेय विषय असा अभ्यासक्रम. ऐकायला सोपा वाटतो, पण निकाल अनेकदा पाच टक्क्यांपर्यंतही पोचलेला नाही. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, 2021 पासून ते आयुष्यभरासाठी आहे.

टेटचं सगळंच वेगळं. 200 प्रश्न, 120 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद, तेही संगणकासमोर बसून. 120 गुण अभियोग्यतेला, 80 बुद्धिमत्तेला. बँकेच्या परीक्षा दिलेल्याला हा साचा ओळखीचा वाटेल. 2023 आणि 2025 च्या चाचण्या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसमार्फतच झाल्या. माझ्या मित्राला इथे 131 पडले, कारण आकडे आणि तर्क हा त्याचा रोजचाच धंदा. शिकवता येतं का, हे ती चाचणी फारसं विचारत नाही. शिक्षक निवडायला ही कसोटी मला थोडी विचित्र वाटते. पण पूर्वी संस्थाचालकांच्या दारात काय चालायचं हे ऐकून असलेला कोणीही तिच्याबद्दल तक्रार करताना जपून बोलेल.

टेटचे गुण जातात पवित्र पोर्टलवर. जिल्हा परिषदा, महापालिका आणि खासगी अनुदानित शाळांच्या रिकाम्या जागा तिथे जाहीर होतात, उमेदवार प्राधान्यक्रम भरतो आणि गुणांनुसार यादी लागते. खासगी संस्थांच्या काही जागांना वर मुलाखतही असते. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाचं नाव नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या यादीत झळकू शकतं. प्राधान्यक्रम त्यानेच भरलेला असतो, त्यामुळे बोलायची सोय नाही.

आणि हे कधी घडेल, याचा भरवसा नाही. पहिली टेट झाली डिसेंबर 2017 ला, दुसरी 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिसरी 2025 च्या मे-जूनमध्ये. पहिल्या दोघींत पाच वर्षांचं अंतर! नोटीस पिरियड मोजून आयुष्य आखायची सवय असलेल्यांनी या तारखा भिंतीवर लावाव्यात. खुल्या प्रवर्गाला सरकारी भरतीची वयोमर्यादा साधारण 38 आहे, मागास प्रवर्गांना 43. पस्तिशीत राजीनामा दिला, दोन वर्षं बी.एड. केलं आणि टेट एकदा हुकली, तर पुढची येईपर्यंत वय निघून गेलेलं असू शकतं.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालंय. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून करता येईल, असं अनेकांना वाटतं. तो मार्ग आधीच शिक्षक असलेल्यांसाठी आहे. तेव्हा राजीनामा आधी, परीक्षा नंतर.

आता प्रश्न असा की या दोघींपैकी कुठली कुणाला लागते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीला शिकवायचं असेल तर दोन्ही लागतात. टीईटीशिवाय टेटमध्ये कितीही गुण असोत, ती जागा तुमची नाही. टीईटी आहे पण टेट दिलेली नाही, तर पोर्टलवर तुम्ही अस्तित्वातच नाही. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.; तिथे राज्यात टीईटीची अट नाही, टेट मात्र लागते. आणखी एक गाठ: बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीचं दार बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 ला तसा निकाल दिला. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे जुनं डी.एड., लागतं.

विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा पवित्र पोर्टलवरून माणसं घेत नाहीत. त्या स्वतः जाहिरात देतात, डेमो लेक्चर घेतात. टेटच्या गुणांना तिथे कोणी विचारत नाही. कॉर्पोरेटमधून आलेली बहुतेक मंडळी शेवटी याच दारात उभी असतात. पहिली ते आठवीसाठी टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी तिथेही अपेक्षित आहे. कोणती शाळा ती किती आग्रहाने मागते, हा भाग वेगळा.

पगाराचंही सांगून टाकतो. पोर्टलवरून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन 2023 मध्ये वाढलं, तेव्हा कुठे प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयाला 20 हजार झालं. त्याआधी प्राथमिकला सहा हजार होते! तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते आणि मग गणित बरं जमतं. पण तोवर हप्ते कोण भरणार, हे घरात बसून आधी ठरवलेलं बरं.

टीईटीची गर्दीही आता वाढली आहे. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. त्यामुळे आता नवख्याच्या शेजारच्या बाकावर वीस वर्षं शिकवलेले गुरुजी बसलेले दिसतात.

मित्राने मग एका उपनगरातल्या इंग्रजी शाळेत सहावीच्या गणितासाठी अर्ज केला. 131 गुणांचा कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावला होता. मुख्याध्यापिका बाईंनी तो उलटून पाहिला, खाली ठेवला आणि विचारलं, "हे असू दे. टीईटी झाली आहे का?"